उपकारसंबळम

छापलेलं

'…आणि या कामाची सुरुवात त्यांनी स्वतःच्या घरापासून केली. कॉलेजात पाठवलेली पहिली मुलगी त्यांची स्वतःचीच होती.'

भवानीने तमिळ वाक्य दोनदा वाचलं. मग कार्यक्रमाची पत्रिका उलटी करून टेबलावर ठेवली आणि बोटांना तेल लावून पुन्हा केळफूल सोलायला घेतलं. एकेका कळीतला कडक काळा दांडा उपटून काढायचा, बाकीचं ताकात टाकायचं.

"सेतू," ती म्हणाली, "ही पहिली मुलगी कोण?"

"कोणती, अक्का?"

"इथें छापलेली. आप्पांनी कॉलेजात पाठवलेली. मला भेटायचें आहे तिला."

सेतूने कॉफीचा पेला खालच्या वाटीत, दवऱ्यात ठेवला. ह्यूस्टनहून येऊन त्याला पाच दिवस झाले होते. पाच दिवस अक्काने बोट ठेवावं असं काही घडलं नव्हतं. सुष्मिता ओट्यापाशी मान न वळवता उभी राहिली. ती भवानीची मुलगी. पण गेले पाच दिवस मामाला साखर किती लागते ते तिलाच ठाऊक असायचं.

"वैद्यनाथनं लिहिलंय ते," सेतू म्हणाला. "सेक्रेटरी तो. आमच्या कॉलेजच्या एक्याऐंशीच्या तुकडीचं सगळं तोच बघतो."

"वैद्यनाथाला कोणी सांगितलें?"

"कोणी नाही. झूमवर सगळे बोलत होते. मुलींच्या शिक्षणाच्या निधीला आप्पांचं नाव द्यायचं, हे त्यांनीच ठरवलं. मी नाही. अर्ध्या वर्गाचे अर्ज आप्पांनी भरलेले. मग वैद्यनाथ म्हणाला, तुझ्या अक्कालाही पाठवलं असेलच त्यांनी. मी…"

"तू?"

"मी 'आमाम' म्हटलं."

"म्हणजे एका होकारात मी बी.ए. झालें."

"विषय सांगितला नव्हता, अक्का."

"मग गणित सांग. गणितांत मला चौऱ्याण्णव होते."

गायत्रीला हसू आलं आणि ते तिने कॉफीत बुडवलं. ती पुण्याची, सेतूची बायको. लग्नानंतर पहिल्यांदा या घरी आली तेव्हा नणंदेची तमिळ मुलखात राहिलेली जुनी मराठी ऐकून तिला वाटलं होतं की आपल्याला कोणी बखर वाचून दाखवतंय.

"उद्या दोनच वाक्यं बोल," सेतू म्हणाला. "मुलींना बरं वाटेल."

"तीं दोन कोणतीं?"

त्याने पत्रिका सुलटी केली.

आतल्या खोलीतून हरिणी आली. अठरा वर्षांची, सुष्मिताची मुलगी. हातात लॅपटॉप. "मामाआजोबा, तुमची सही तेवढी राहिलीय. स्पॉन्सरच्या पत्रावर, तिकडच्या माझ्या फीच्या हमीच्या. विद्यापीठाची मुदत शुक्रवारपर्यंतच आहे."

"उद्या," सेतू म्हणाला. "कार्यक्रमाची गडबड संपू दे."

तो सहज म्हणाला होता. सुष्मिताने मात्र गॅस बंद केला आणि आईकडे पाहिलं.

न छापलेलं

सेतू तेरा वर्षांचा होता तेव्हा तो शब्द पहिल्यांदा घरात आला.

खाकी लिफाफा. आत सरकारी तमिळ. तुमची कन्या भवानी हिला पुढील शिक्षणासाठी उपकारसंबळम मंजूर, पालकाने सही करून कागद परत पाठवावा. स्कॉलरशिपला तेव्हा तमिळमध्ये हाच शब्द होता. शाळेच्या फळ्यावर लिहायचे, पेपरात छापायचे. तमिळ माणसाच्या कानाला त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं.

आप्पांनी तो मराठीत ऐकला.

"उपकार?" ते म्हणाले. "आपण मराठी राजाबरोबर इथें आलेलीं, राजाकडचीं माणसें. आपण कोणाचा उपकार घेत नाहीं."

ओसरीवर भवानीच्या गणिताच्या बाई उभ्या होत्या. त्या 'राव'ला तमिळ धाटणीत 'रायर' म्हणत. म्हणाल्या, रायर, तसा अर्थ नाही हो त्याचा. आप्पा म्हणाले, आमच्या भाषेत तसाच आहे. लिफाफा परत गेला. पुढच्या वैशाखात अक्का लग्न होऊन तिरुप्पनंदाळला गेली. सेतूला त्या दिवशी काय वाटलं होतं? अभिमान. तेरा वर्षांच्या पोराने मान ताठ केली होती. राजाकडची माणसं.

आप्पा शिक्षण खात्याच्या कचेरीत कारकून होते. तोच शब्द दिवसातून वीस वेळा लिहीत. संध्याकाळी ओसरीवर गावातल्या पोरापोरींचे अर्ज भरून देत, फुकट. कुंभाराची मुलगी, देवळात नादस्वर वाजवणाऱ्याची मुलगी, वैद्यनाथ. कोणाला नाही म्हणाले नाहीत.

चार वर्षांनी दुसरा खाकी लिफाफा आला. यावर नाव सेतुरामचं. आप्पांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. त्या शब्दाशी आले, क्षणभर थांबले आणि वाचलं: "मेरिट."

सही केली. पेढे आणले.

सेतूला तमिळ वाचता येत होतं. तो त्यांच्या खांद्यामागेच उभा होता.

तो शब्द आता गेलाच आहे. तमिळमध्ये हल्ली दुसरा शब्द वापरतात, जुनी माणसं तेवढी कधी बोलून जातात. ह्यूस्टनमध्ये तर त्याची गरजच पडली नाही. गेल्या चाळीस वर्षांत तो कोणी त्याच्यासमोर उच्चारला नव्हता आणि हे सुख आहे, हेही त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

मेण

दुपारी गायत्री नणंदेला घेऊन स्वामीमलैला गेली. कॉलेजात बसवायची पंचधातूची पाटी तिथे मूर्ती ओतणाऱ्या मणी स्थपतीकडे होत होती. पाटी पुढच्या महिन्यात बसणार होती, उद्या कापडी फलकावर भागणार होतं. पण अक्षरं तपासायचा दिवस आजचा.

पाटी अजून मेणाची होती. तपकिरी, हाताएवढी, पाण्याच्या परातीत ठेवलेली. मणी म्हणाला आणि भवानीने मराठीत सांगितलं, "आज कावेरीची माती चढणार. माती चढली कीं संपलें. मग आंतलें कोणाला दिसत नाहीं, मेण वितळून जातें, त्या जागीं धातू बसतो. बदलायचें तें आतां."

"काय लिहिलंय, अक्का?"

"पहिली ओळ, विष्णुवर्धन राव विद्यार्थिनी निधी. दुसरी, एक्याऐंशीच्या तुकडीकडून." तिने बोट पुढे नेलं, पण मेणाला लावलं नाही. "तिसरी, 'स्वतःच्या मुलीपासून सुरुवात करणारे.'"

गायत्री बाकावर बसली. पंखा घरघरत होता. "तुम्ही खरंच का नाही गेलात? सेतू म्हणतो, तुमचं लग्न लवकर ठरलं."

"लग्न नंतर ठरलें. आधीं शब्द आला."

आणि भवानीने लिफाफ्याचं सांगितलं. दोन मिनिटांत सांगून झालं. पन्नास वर्षं जपलेली गोष्ट इतकी लहान असेल असं तिला स्वतःलाही वाटलं नव्हतं.

"पण त्यांना माहीत होतं," गायत्री म्हणाली. "ते रोज तेच लिहीत होते ना? म्हणजे चूक नव्हती ती."

"तें मला कळायला सेतूचा लिफाफा यावा लागला."

गायत्रीने फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "सेतू, ऐक. अक्का सोबत आहेत. आपण निधीला अक्कांचं नाव देऊ या."

"माझें नांव नक्को," भवानी मधेच म्हणाली. "आप्पांचेंच असूं द्या. दुसऱ्यांच्या मुलींचे अर्ज भरले त्यांनी, तें खरें आहे. तिसरी ओळ तेवढी काढा."

फोनमधून खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला. सेतू कॉलेजच्या सभागृहात होता.

"अक्का, ती ओळ सगळ्यांना आवडलीय. वैद्यनाथनं त्यावर भाषण बेतलंय. आता काय सांगू त्याला? आमचे वडील गावातल्या मुलींना पाठवायचे आणि घरातलीला…"

"होय. तेंच सांग."

"लोक मग निधी विसरतील आणि तेवढंच बोलतील. मुलींचं नुकसान होईल."

"कोणत्या मुलींचें?"

तो नुसतं म्हणाला, "गायत्री, स्पीकर बंद कर."

तिने बंद केला. फोन कानाला लावून ती दारापर्यंत गेली. भवानीला तिचे फक्त तुकडे ऐकू येत होते. "हो, पण… नाही, हरिणीचा यात काय… तू असं नको बोलूस… बरं. बरं."

मणी गरम पात्याची सुरी घेऊन उभा होता. तिसरी ओळ खरवडायला त्याला फार वेळ लागला नसता.

गायत्री परत आली. तिला तमिळ येत नव्हतं. तिने मणीकडे बघून हात हलवला: राहू दे, चढवा माती.

"सॉरी, अक्का," ती म्हणाली. "सेतू वाईट नाहीये. पण तो दुखावला की मग सगळ्याच गोष्टींतून हात काढून घेतो. मला तीस वर्षांचा अनुभव आहे."

"तुझा अनुभव तुझ्याकडेच ठेव," भवानी म्हणाली. "मला त्याचा त्रेसष्ट वर्षांचा आहे."

परतीच्या गाडीत दोघी आपापल्या खिडकीतून बघत राहिल्या. इन्नंबूरकडच्या शेतांत भाताची लावणी चालली होती. बायका ओळीने वाकल्या होत्या.

आई आणि मुलगी

"अम्मा, पन्नास वर्षं झाली."

"ठाऊक आहे."

"आप्पाआजोबा गेले. ज्यांनी ऐकलं तेही गेले. आता कोणाला काय फरक पडतो?"

"मला."

गच्चीवर कपडे वाळले होते. सुष्मिता चिमटे काढत होती, भवानी घड्या घालत होती. ऊन अजून भिंतीवर होतं.

"तू मला शिकवलंस," सुष्मिता म्हणाली. "बाबा नको म्हणत होते तरी शिकवलंस. मी एम.एस्सी. झाले. आता हरिणी चाललीय. म्हणजे सुरुवात घरातूनच झाली ना? मग ती ओळ खोटी कुठे आहे?"

"सुरुवात मी केली. त्यांनी नाहीं."

"इतकंच? नाव कोणाचं, एवढंच?"

भवानीने साडीची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "तुझ्या मामाने कांहीं म्हटलें का? सहीचें?"

"नाही म्हटलं."

"मग?"

"म्हणूनच भीती वाटते. म्हटलं असतं तर भांडता आलं असतं." सुष्मिताने मुठीतले चिमटे बादलीत टाकले. "तू उद्या काहीतरी बोललीस, त्यांचा चारचौघांत अपमान झाला, तर ते नाही म्हणणार नाहीत. 'बघतो' म्हणतील. शुक्रवार निघून जाईल. तू ओळखतेस त्यांना."

"मी त्याला बोट धरून चालवलें."

"मग झालं तर. दोन वाक्यं बोल, अम्मा. माझ्यासाठी नको, हरिणीसाठी."

"तिनें सांगितलें तुला, मला विचार म्हणून?"

"तिला कशाला सांगू? ती लहान आहे."

"मी सोळांची होतें," भवानी म्हणाली. "मलाहि कोणी विचारलें नाहीं."

सुष्मिताने कपड्यांचा ढीग उचलला आणि खाली निघून गेली. जिन्यातून तिचा आवाज आला, आईसाठी नसलेला, नेहमीचा गोड: "मामा, तुमचा शर्ट इस्त्रीला देऊ?"

वहीचं पान

सकाळी भवानीने हरिणीच्या जुन्या वहीत लिहिलं. तमिळमध्ये, कारण लिहिता तिला तमिळच येत होतं. मराठी फक्त तोंडात होती.

सर्वांना नमस्कार. माझे वडील विष्णुवर्धन राव यांनी मला

माझे वडील फार चांगले होते. ते सर्वांच्या मुलींना

माझे वडील सर्वांच्या

ती ओळ खोटी आहे.

सर्वांना नमस्कार. माझ्या नातीला परदेशी जायचे आहे म्हणून मी

सर्वांना नमस्कार.

पान तिने फाडलं नाही. वही मिटून जिथे होती तिथे ठेवली.

सभागृह

कॉलेजच्या पायऱ्या सात होत्या. सुष्मिता हात द्यायला आली, भवानीने घेतला नाही.

सभागृहात अडीचशे माणसं. पुढच्या दोन रांगांत एक्याऐंशीची तुकडी: टकलं, केस रंगवलेले, गुडघे धरून बसणारे. वैद्यनाथ भाषणात रडला. त्याचे वडील हॉटेलात पाणक्या होते आणि विष्णुवर्धन रावांनी त्याचा अर्ज तीनदा लिहिला होता. तो खरं बोलत होता. भवानीला तो आठवत होता, ओसरीच्या कोपऱ्यात चप्पल हातात धरून उभा राहणारा. त्याच्यावर तिचा राग नव्हता. तेच अवघड होतं.

मग त्याने ती ओळ म्हटली आणि म्हणाला, "ती पहिली मुलगी आज आपल्यात आहे."

टाळ्या. भवानी माइकसमोर गेली. सेतू शेजारी उभा राहिला. पहिल्या रांगेत सुष्मिताने दोन्ही हातांनी पर्स धरली होती. हरिणी बघत होती.

भवानीने अडीचशे माणसांकडे पाहिलं आणि मराठीत बोलायला सुरुवात केली.

"मी भवानी. विष्णुवर्धन रावांची थोरली. सोळाव्या वर्षीं मला उपकारसंबळम मिळालें होतें. आप्पांनीं सही केली नाहीं. म्हणाले, आपण उपकार घेत नाहीं. दुसऱ्यांच्या मुलींचे अर्ज ते ओसरीवर बसून भरत आणि मी दौत भरून देत असें. सेतूच्या कागदावर त्यांनीं सही केली. त्या कागदावर हाच शब्द होता. ह्या कॉलेजाची पायरी मी आज पहिल्यांदा चढलें. अस्कें, सगळें मिळून, एवढेंच आहे."

सभागृहात शांतता होती. न कळणारी भाषा ऐकताना सभ्य माणसं ठेवतात ती. त्या सगळ्या बोलण्यात लोकांना एकच शब्द कळला: उपकारसंबळम. किती जुना शब्द! मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने तो हलकेच पुन्हा उच्चारला आणि शेजारणीला सांगितलं, हिला स्कॉलरशिप मिळाली होती बघ.

गायत्रीला सगळं कळलं होतं. ती मांडीवरच्या पत्रिकेची कड दुमडत राहिली.

सेतूने माइक स्वतःकडे वळवला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज ठीक होता. तो तमिळमध्ये म्हणाला:

"आमच्या घरची भाषा मराठी. मन भरून आलं की अक्काला तीच सुचते. अक्का म्हणाली, सोळाव्या वर्षी तिलाही उपकारसंबळम मिळालं होतं. आप्पा ओसरीवर मुलींचे अर्ज भरत तेव्हा ती त्यांना दौत भरून देई, तिथेच तिला शिक्षणाची ओढ लागली. आणि आज या कॉलेजाची पायरी चढताना तिला तो पहिला दिवस आठवला."

लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. वैद्यनाथ पुढे येऊन भवानीच्या पाया पडला.

तिला तमिळ येत होतं. बाजारात, बँकेत, तिरुप्पनंदाळच्या सासरी, सगळं आयुष्य तिने त्याच भाषेत भांडून काढलं होतं. माइक अजून हाताच्या अंतरावर होता. ती "नाही" म्हणाली असती तर तेवढा एक तमिळ शब्दही सगळ्यांना पुरला असता.

ती वैद्यनाथला म्हणाली, "ऊठ बाबा, गुडघे दुखतील."

बाहेर

सेतूने गाडीच्या टपावर कागद ठेवून सही केली. तीन प्रतींवर. मागितल्यापेक्षा एक जास्तच. बहिणीकडे न बघता म्हणाला, "छान बोललीस, अक्का."

"तूहि," भवानी म्हणाली.

सुष्मिता एकदम खूप बोलू लागली. जेवण कुठे करायचं, मामांना केळीच्या पानावर चालेल ना, किती माणसं, गायत्रीमामी पायसम घेतील का. गायत्री तिच्यासोबत पुढे गेली.

हरिणी मागे राहिली. हातात तिन्ही प्रती.

"आजी, मला मराठी कळतं हं."

"ठाऊक आहे."

"तिथे घरच्यांशिवाय कोणाला कळत नव्हतं."

"तेंहि ठाऊक आहे."

"मग कोणाला सांगत होतीस?"

भवानीने उत्तर शोधलं. आप्पांना, असं म्हणता आलं असतं. सेतूला, असंही. दोन्ही चांगली उत्तरं होती आणि दोन्हीत ती स्वतः बरी दिसत होती.

"तुला जायचें आहे ना?" ती म्हणाली.

"हे माझ्यावर घालू नकोस." हरिणीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मी तुला गप्प बस म्हटलं नव्हतं. मला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, तमिळमध्ये बोल. आता मी तिकडे जाईन आणि आयुष्यभर सगळे म्हणतील, आजीने तुझ्यासाठी केलं. मी नाही ते घेणार."

भवानीने मान वर केली. पन्नास वर्षांनी या घरात कोणीतरी नको म्हणत होतं आणि तेही बरोबर माणसाला. क्षणभर तिला वाटलं, पोर आता ते कागद फाडेल. आपण तिला अडवू की नाही, हे तिला कळेना.

हरिणीने तिन्ही प्रती नीट जुळवल्या, फाइलमध्ये सरकवल्या आणि फाइलचं बटण लावलं. मग ती मामाआजोबांच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली.